‘एफडी’ कशी बुडाली: प्रोग्रामला नाव देताना या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या एका पतसंस्थेसाठी मी मुदत ठेवीच्या पावत्या छापणारा छोटा प्रोग्राम लिहिला. सगळे ‘एफडी’च म्हणतात, म्हणून कमांडचं नावही एफडी. डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी त्याचं पॅकेज, म्हणजे बसवायचा गठ्ठा, बांधलं, तीन संगणकांवर बिनबोभाट बसलं. चौथ्यावर डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्राम, अडला: या नावाची फाइल आधीच एफडीक्लोन पॅकेजची आहे. एफडीक्लोन हा जुना फाइल मॅनेजर, त्याचीही कमांड एफडीच.

मी ‘फोर्स-ओव्हरराइट’, म्हणजे आधीच्या फाइलवर जबरदस्तीने आपली लिहिण्याचा पर्याय, देऊन मोकळा झालो. सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. दोन महिन्यांनी माझं पॅकेज काढलं, तेव्हा ती फाइलही गेली. फाइल मॅनेजर यादीत बसवलेला दिसतो, पण हाक मारली तर ओ देत नाही! शेवटी तो नव्याने बसवावा लागला.

मग ‘कॉन्फ्लिक्ट्स’ची ओळ टाकून सुटू पाहिलं, म्हणजे एक हवा तर दुसरा काढा. पावत्या छापणाऱ्याने फाइल मॅनेजर वापरायचाच नाही, हा कुठला न्याय? डेबियनचं धोरण सांगतं की वेगळं काम करणाऱ्या दोन प्रोग्रामांचं नाव एक नको. एकाने बदलावं, एकमत झालं नाही तर दोघांनीही. एका नावामागे कुठला प्रोग्राम चालवायचा ते ठरवणारं ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ एकच काम करणाऱ्यांसाठी असतं, उदाहरणार्थ नॅनो आणि व्हिम हे टेक्स्ट एडिटर.

नाव बदलण्यात कमीपणा नाही. फाइली शोधणारं प्रसिद्ध एफडी डेबियनवर एफडीफाइंड म्हणूनच नांदतं, फाइलीतला मजकूर दाखवणारं बॅट तिथे बॅटकॅट होतं. ‘नोड’ या नावाचा वाद तर २०१२ साली डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला: हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा नोड आधीचा, जावास्क्रिप्ट चालवणारा मागाहून आलेला.

आमच्या वाडीत तीन बाबल्या आहेत. पोस्टमन विचारतो, खयचो? व्हाळाकडचो की वरच्या घरातलो? शेल, म्हणजे आपली कमांड घेणारा प्रोग्राम, विचारत नाही; पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जो आधी सापडेल त्यालाच चालवतो. म्हणून ‘लोकल’च्या ‘बिन’मध्ये, म्हणजे हाताने टाकलेल्या प्रोग्रामांच्या फोल्डरमध्ये, फाइल टाकून पळवाट काढू नका. तिथे डीपीकेजी अडवत नाही, तुमचा प्रोग्राम दुसऱ्याला गुपचूप झाकतो. शंका आली तर ‘टाइप -ए’ आणि पुढे नाव द्या, सगळे बाबल्या रांगेत दिसतील.

नाव ठरवण्याआधी ‘एपीटी-फाइल सर्च’ चालवा, डेबियनच्या अख्ख्या पॅकेज-भांडारात शोध होतो. ‘डीपीकेजी -एस’ (एस मोठ्या लिपीतला) फक्त त्या संगणकावर बसवलेल्या पॅकेजांचं सांगतं, आणि मी तेवढ्यावरच विसंबलो होतो. दोन अक्षरी नावाचा मोह तर सोडाच.

माझी कमांड आता ‘ठेवपावती’. टाइप करायला लांब पडते, अशी क्लार्कबाईंची तक्रार आली, म्हणून त्यांना एक छोटा एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, करून दिलाय. नाही, एफडी नाही.