आधी फाईल, मग बॉल: बास्केटबॉलवर पोट भरायचं असेल तर

सगळ्यात आधी एक चेनची जाड प्लास्टिक फाईल घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. २०१९ च्या पुरात माझ्याकडे शिकणाऱ्या एका पोराची तीन वर्षांची प्रमाणपत्रं लगदा होऊन गेली, आणि ती परत मिळवायला त्याच्या वडिलांनी दोन वर्षं हेलपाटे घातले. त्या फाईलीत जन्माचा दाखला, आधार, पासपोर्ट, नववीपासूनच्या सगळ्या मार्कशीट आणि पोरगं खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र ठेवा. झेरॉक्स वेगळ्या. फोटो काढून स्वतःलाच मेल करा. कोर्टवर येणारे पालक मला विचारतात, "सर, उंची कशी वाढवायची?" मी विचारतो, फाईल कुठाय?

मी स्वतः ५ फूट ९ इंचांचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा. शिवाजी विद्यापीठाकडून खेळलो, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला लागलो आणि मधे एक हंगाम आखातात खेळून आलो. आता संध्याकाळी शिवाजी पेठेत सिमेंटच्या कोर्टवर पोरं शिकवतो. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा फुटबॉलचा सामना असला की माझ्याकडे चार पोरं उरतात, त्यातली दोन वाट चुकलेली.

खेळायचे रस्ते दोन. एक शाळेचा: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. दुसरा संघटनेचा: जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय स्पर्धा. दोन्हीकडे खेळा. "शाळेचं आहे की, आता संघटनेकडे कशाला?" असं म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात. निवड चाचणी ही लॉटरी नसली तरी तिकीट दोन असलेली बरी. कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाचा संघ सोडू नका. पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत नोकरी देणाऱ्या संघांची माणसं कोपऱ्यात बसलेली असतात. माझीही नोकरी अशाच एका कोपऱ्यातून आली.

आता कटू गोष्ट. भारतात निव्वळ लीगवर घर चालत नाही. यूबीए नावाची लीग २०१५ ला सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. मग आयएनबीएल, म्हणजे इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली. अशा लीग चांगल्या, पोरांनी खेळाव्यात, पण त्या भरवशावर गृहकर्ज काढू नये. या देशात बास्केटबॉलला जेवू घालतात ते रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, केरळचं वीज मंडळ आणि पोलिस. सकाळी सराव, मग हजेरी, स्पर्धेला भरपगारी रजा. मुलींसाठी तर रेल्वे म्हणजे माहेरच. भारताची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनच खेळलेली. घरात कुणी "तिकीट तपासून काय खेळाडू होतो?" म्हटलंच, तर आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं नाव घ्या. २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्य मिळवलं तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसच होता.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण नुसतं प्रमाणपत्र चालत नाही, त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. ती जाहिरात निघायच्या आधी करून ठेवा. जाहिरात निघाल्यावर सगळा जिल्हा एकाच खिडकीवर येतो. कुठल्या पदाला कुठल्या पातळीची कामगिरी लागते ते शासन निर्णयात लिहिलेलं असतं. तो स्वतः वाचा, चहाच्या टपरीवर ऐकू नका.

सरावाचं फार सांगत नाही, ते कोर्टवर शिकायचं. तीनच गोष्टी. आपली कोर्टं सिमेंटची आहेत, त्यावर रोज शंभर उड्या मारल्या तर पंचविशीत गुडघे म्हातारे होतात. उड्यांचा सराव मातीवर करा. तालमीचा आखाडा मिळाला तर उत्तमच. दुसरी, डाव्या हाताचा ले-अप, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून टाकायचा चेंडू. तिसरी, तीन गुणांची रेषा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, कोर्टवर ६.७५ मीटरवर असते, ती टेपने मोजून आखा. आमच्या शाळेतली रेषा अर्धा मीटर आत होती, हे मला विद्यापीठाच्या संघात गेल्यावर कळलं.

थ्री-बाय-थ्रीकडे, म्हणजे तिघा-तिघांच्या बास्केटबॉलकडे, दुर्लक्ष करू नका. अर्धं कोर्ट पुरतं, १० मिनिटं किंवा २१ गुण, आणि टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. फिबाच्या संकेतस्थळावर आपलं प्रोफाइल उघडायचं. मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळलं की गुण जमा होतात. लहान गावातल्या पोराचं नाव जगाच्या यादीत जायला याहून स्वस्त रस्ता नाही.

खाण्याचं बोलायला हवं. जिममधला दादा जो पावडरचा डबा देतो, तो उघडण्याआधी त्यातलं प्रत्येक नाव नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीशी ताडून बघा. अमेरिकेच्या एनबीए लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला पहिला भारतीय सतनामसिंग. त्याच्यावरही २०२० मध्ये नाडाने दोन वर्षांची बंदी घातली होती. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही. तालमीतली थंडाई खुशाल प्या, पण चाचणी असलेल्या स्पर्धेच्या आठवड्यात तिच्यातली खसखस वगळा. खसखशीमुळे लघवीच्या चाचणीत मॉर्फिन दिसू शकतं.

आता परदेश. प्रत्येक पालकाच्या मनात एनबीए असते, म्हणून हिशेब मांडतो. २०१५ ला सतनाम ड्राफ्टमध्ये ६० पैकी ५२ वा निवडला गेला. ७ फूट २ इंच उंची, चौदाव्या वर्षापासून अमेरिकेत शिक्षण, तरी एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याला मिळाला नाही. पुढे तो अमेरिकेत कुस्तीकडे गेला, आपल्या खासबाग मैदानातल्या नव्हे, टीव्हीवरच्या. अमज्योतसिंग जपानमध्ये खेळून २०१७ ला ओक्लाहोमा सिटी ब्लू या जी-लीग, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमधल्या, संघात गेला. त्याच वर्षी अमृतपालसिंग ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडे. त्याच्या आधी केरळची गीतू अ‍ॅना जोस मेलबर्नच्या रिंगवुड संघाकडून खेळून आली होती. सगळी नावं मोजली तरी एक एसटी भरत नाही.

कारण साधं आहे. परदेशी क्लबकडे बाहेरच्या खेळाडूंसाठी दोन-तीन जागा असतात. त्या जागेवर ते अमेरिकन घेऊ शकतात, मग कोल्हापूरचा गार्ड कशाला घेतील? त्यांच्याकडे नसलेलं काहीतरी तुमच्याकडे हवं. बहुतेक वेळा ते म्हणजे उंची, आणि उंची नसेल तर लांबून न चुकणारा हात.

अमेरिकेच्या कॉलेजचा रस्ता हवा असेल तर तयारी नववीत सुरू होते. तिथली कॉलेज खेळांची संस्था एनसीएए नववी ते बारावीतले १६ मुख्य विषय बघते, म्हणून त्या मार्कशीट फाईलीत ठेवायला सांगितल्या. पैसे घेऊन खेळलेल्या सामन्यांचीही ते चौकशी करतात. त्यामुळे कॉलेज डोक्यात असेल तर कुठल्याही लीगच्या कागदावर सही करण्याआधी थांबा. प्रशिक्षकांना व्हिडिओ पाठवताना डंकची रील पाठवू नका. दोन पूर्ण सामने पाठवा, जर्सीचा नंबर सांगा. चेंडू हातातून गेल्यावर पोरगं बचावाला पळतंय का चालतंय, हेच ते बघतात.

क्लबकडे जायचं असेल तर १८ पूर्ण होईपर्यंत विषय बंद, कारण फिबा त्याआधी अपवाद वगळता परदेशात बदलीला मान्यता देत नाही. नंतरही आपल्या फेडरेशनचं क्लिअरन्स पत्र लागतं. नोकरी असेल तर खात्याची एनओसी आणि बिनपगारी रजा लेखी घ्या. राजीनामा देऊन जाऊ नका. एजंट फिबाचा परवाना असलेलाच. "आधी पन्नास हजार भरा, मग ट्रायल" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कराराबद्दल मी तोंड उघडलं की पोरं जांभया देतात, पण इथेच मी बुडालो. २००३ साली आखातातल्या एका क्लबने मला चार महिन्यांसाठी बोलावलं. दोन पानांचा कागद, एक पान मला वाचता न येणारं. दोन महिन्यांचे पैसे मिळाले. तिसऱ्या महिन्यात घोटा मुरगळला, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "खेळलास की देऊ." खेळलो, सुजलेल्या पायाने. दिले नाहीत. दाद कुठे मागायची तेही माहीत नव्हतं.

तेव्हा नव्हती, आता सोय आहे. बॅट नावाचा बास्केटबॉलचा लवाद आहे, जिनिव्हात. निकाल मानला नाही तर फिबा त्या क्लबच्या नव्या खेळाडूंच्या बदल्या अडवू शकते. मात्र वाद बॅटकडे जाईल असं कलम करारात छापलेलं हवं. ते नसेल तर माझ्यासारखं घोट्याला बर्फ लावत बसा. त्याशिवाय पगार कर वजा जाऊन किती, कुठल्या तारखेला, दुखापत झाली तरी मिळणार का, राहण्याची जागा, जाण्यायेण्याचं तिकीट, विमा, आणि दोन भाषांत करार असेल तर कुठल्या भाषेतला खरा मानायचा, एवढं शोधून बोट ठेवा. जे फोनवर कबूल केलंय आणि कागदावर नाही, ते कबूल केलेलंच नाही.

सामान बांधताना बुटांचे दोन जोड न्या. १३ नंबरच्या पुढचा पाय असेल तर आधी मागवून, महिनाभर घालून सैल केलेले. चप्पल लाईनीत कुठल्याही मापाची कापशी चप्पल मिळते, पण ती घालून रिबाऊंड निघत नाही. आईने दिलेली कांदा-लसूण चटणी सीलबंद करून चेक-इन बॅगेत टाका, आधी त्या देशाचे नियम बघा. आणि पहिल्याच आठवड्यात संघाला जेवायला बोलवून ती वाढू नका. मी वाढली होती. आमचा बोस्नियाचा सेंटर दोन दिवस सरावाला आला नाही, आणि रविवारचा सामना आम्ही अकरा गुणांनी हरलो.