ज्येष्ठस्नेही वाडा उभारताय? या चुका टाळा

गोव्यात पंचायती, देवस्थान समित्या, महिला मंडळं आता आपल्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीवर, ज्येष्ठांसाठी काहीतरी करू बघतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पेडण्यापासून काणकोणपर्यंत त्याच त्या चुका होताना बघवत नाहीत, म्हणून हे लिहिते.

पहिली आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे नावापुरता रॅम्प. फोंडा तालुक्यातल्या एका सभागृहाचं जोतं दीड फूट, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर उंच. हिशेब सोपा आहे: उंचीच्या बारा पट लांबी. म्हणजे इथे 5.4 मीटर हवी. केली होती जेमतेम दीड मीटर, कारण पुढे गाड्या लावायची जागा जात होती आणि उद्घाटनाची तारीख ठरून गेली होती. वरून गुळगुळीत लादी. ऐन पावसात एक मुलगा आईला व्हीलचेअरवरून कीर्तनाला आणत होता. अर्ध्या चढावर त्याचे पाय सरकले आणि खुर्ची मागे यायला लागली. दारातल्या दोघांनी धावत जाऊन धरली म्हणून निभावलं. ती आजी पुन्हा कीर्तनाला आली नाही. घाईने केलेल्या कामाची किंमत अशी म्हाताऱ्या माणसालाच मोजावी लागते.

जागा कमी असेल तर उतरण भिंतीकडेने वळवा, वळणावर सपाट टप्पा ठेवा. रुंदी किमान 1.2 मीटर, पृष्ठभाग खरखरीत. धरायला दांडी दोन्ही बाजूंना हवीच. अर्धांगवायू झालेल्या माणसाचा एकच हात चालतो. चढताना जी दांडी त्या हाताला येते, ती उतरताना उलट्या बाजूला जाते. पावसात तर धडधाकट माणसाचाही एक हात छत्रीत अडकलेला असतो. मी नुसत्या नकाशावर विसंबत नाही. काँक्रीट पडण्याआधी जागेवर सुतळी ताणून पूर्ण लांबी सगळ्यांना दाखवते. मग 'एवढ्यात भागेल' म्हणणारे गप्प होतात.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त होते. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या माणसाला कोणी विचारतच नाही. डिचोलीकडच्या एका वाड्यावर विरंगुळा केंद्र निघालं. कॅरम, वर्तमानपत्रं, टीव्ही, सगळं होतं. यायचे ते चालते-फिरते पुरुषच. दोन घरं पलीकडे अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी सून होती. तिचा नवरा आखातात, नणंद मुंबईत. केंद्र तिच्या दारापर्यंत पोचलंच नाही.

मी कुठल्याही वाड्यावर आधी संध्याकाळी घरोघर जाते आणि सुनेला किंवा मुलीला बाजूला घेऊन एकच विचारते: स्वतःच्या कामासाठी शेवटची घराबाहेर कधी पडलीस? बऱ्याच जणींना आठवत नाही. म्हणून माझ्या लेखी बाकड्यांच्याही आधी आठवड्यातले दोन तास. विश्वासातल्या कोणीतरी त्या घरी जाऊन बसायचं, वार ठरवून. बसणाऱ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेकडून शिकवून घ्या: दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पेज भरवताना उशाला किती उठवून बसवायचं. कोणती गोळी कधी, हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. यात फीत कापायला काही नसतं, म्हणून उतावळ्या मंडळींना हे काम नको असतं.

उतावळेपणाचा आणखी एक प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठस्नेही शहरांविषयीच्या 2007 च्या मार्गदर्शिकेत मोकळ्या जागा, वाहतूक, घरं, आरोग्यसेवा अशी आठ क्षेत्रं आहेत. मार्गदर्शिका उत्तम आहे. पण नवखे लोक पहिल्याच बैठकीत आठ उपसमित्या नेमतात आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येईपर्यंत सगळ्या विरून जातात. एक वाडा घ्या, घरापासून बसथांब्यापर्यंतचा एक रस्ता घ्या, आणि त्यावर एक पूर्ण पावसाळा काम करा.

बाकी थोडक्यात. बाकड्यांना पाठ आणि हात हवेत. हाताला रेटा दिल्याशिवाय गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. चिऱ्यांच्या पायऱ्यांवरचं शेवाळ पावसाळाभर घासावं लागतं, एकदा घासून भागत नाही. सभागृहाचं शौचालय कुलपात असेल तर कार्यक्रम ठेवूच नका. मी आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारते. निरोप फक्त व्हॉट्सॲपवर देऊ नका, देवळाच्या फलकावरही लिहा. 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळ जरूर द्या, पण त्या दिवशी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या (गोवा सरकारच्या मासिक अर्थसाह्याच्या) हयातीच्या दाखल्यासाठी कोणाला सोबत लागते याची यादीही करा. आणि ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक 14567 प्रत्येक घरात फोनजवळ लिहून ठेवा. तो सकाळी 8 ते रात्री 8 चालतो. तातडीच्या आजारपणात मात्र थेट 108.