टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांचे छापील नियतकालिक कसे काढावे

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि आपापले पात्र वठवत खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांचे छापील नियतकालिक काढण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी लेख जमवण्याआधी एक हिशेब मांडावा. आपण किती अंकांची वर्गणी आगाऊ घेणार आहोत, आणि एकही जाहिरात मिळाली नाही तरी तेवढे अंक छापून वाचकाच्या हाती देण्याची आपली ऐपत आहे का? या क्षेत्रात हौशी लेखकांची वानवा कधीच नव्हती. अडचण येते ती देणी आधी आणि येणी नंतर असल्यामुळे, किंवा ज्या खेळाच्या आधारावर अंक उभा असतो त्या खेळाच्या मालकाचे धोरण बदलल्यामुळे.

मालकाच्या धोरणाचा फटका किती मोठा असू शकतो, हे अमेरिकेतील ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ या मासिकांच्या इतिहासात दिसते. ‘ड्रॅगन’ 1976 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग खेळ काढणाऱ्या टीएसआर या कंपनीने सुरू केले आणि 1986 साली ‘डंजन’ त्याच्या जोडीला आले. 2002 पासून पायझो ही कंपनी ही दोन्ही मासिके परवान्यावर काढत होती. 2007 मध्ये या खेळाची तेव्हाची हक्कधारक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने तो परवाना पुढे चालू ठेवला नाही, आणि ‘ड्रॅगन’ 359व्या व ‘डंजन’ 150व्या अंकावर छापील रूपात थांबले. ब्रिटनमधील ‘व्हाइट ड्वार्फ’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. 1977 साली सुरू झालेल्या या मासिकात वेगवेगळ्या कंपन्यांच्या खेळांवर लेखन येत असे. पुढे ते गेम्स वर्कशॉप या प्रकाशक कंपनीच्या स्वतःच्या मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती मांडून खेळायच्या, खेळांपुरते उरले. मासिक जगले, पण त्याचा पहिला वाचक पोरका झाला.

आज नवा अंक काढणाऱ्याची स्थिती या बाबतीत बरीच बरी आहे. जानेवारी 2023 मध्ये जुन्या ओपन गेम लायसन्समध्ये, म्हणजे खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या परवान्यात, फेरफार करण्याच्या हालचालींवर खेळाडूंनी मोठा गदारोळ केला आणि त्याच महिन्यात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, म्हणजे एसआरडी 5.1, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय 4.0 परवान्याखाली खुला झाला. हा परवाना परत घेता येत नाही. श्रेयनिर्देशाचे ठरलेले वाक्य अंकात छापले की या संचातील नियमांवर आधारलेले साहित्य विकता येते. मात्र माइंड फ्लेअर किंवा बिहोल्डर यांसारख्या गाजलेल्या राक्षसांची आकडेवारी त्या संचात नाही, आणि खेळाचा लोगो मुखपृष्ठावर वापरण्याचा अधिकारही त्यातून मिळत नाही. लेखक मंडळी उत्साहाच्या भरात हे विसरतात. म्हणून प्रत्येक हस्तलिखितातील राक्षसांची आणि मंत्रांची नावे त्या संचाशी ताडून पाहण्याचे काम संपादकाने स्वतःकडे ठेवावे.

अंकात काय द्यावे, याबाबत माझे मत ठाम आहे. नव्या खेळांच्या बातम्या छापू नयेत, कारण अंक छपाईला जाऊन वाचकापर्यंत पोहोचेतो त्या शिळ्या झालेल्या असतात. परीक्षणे मोजकीच असावीत. वाचक अंक जपून ठेवतो तो त्यातील ॲडव्हेंचरसाठी, म्हणजे एकदोन बैठकांत खेळवता येईल अशा तयार कथानकासाठी. असे कथानक लेखकाखेरीज दुसऱ्या एखाद्या गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, लेखक समोर नसताना, खेळवून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. लेखकाच्या डोक्यात असलेले पण कागदावर न उतरलेले दुवे फक्त याच चाचणीत उघडे पडतात.

नकाशाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण छापील अंक पडद्यावरच्या मजकुरापेक्षा सरस ठरतो तो इथेच. मिनिएचर ठेवून खेळताना एक इंची चौकोन पाच फूट अंतर दाखवतो. ए4 पान 8.27 इंच रुंद व 11.69 इंच उंच असते, म्हणजे त्यावर फार तर 8 बाय 11 चौकोन मावतात आणि एवढ्यात एखादे दालन जेमतेम बसते. तोच नकाशा अंकाच्या मधोमध, जोडपानावर घेतला तर ए3 आकार मिळून 16 बाय 11 चौकोन होतात, आणि पिना उचकटल्या की तो अखंड कागद टेबलावर पसरता येतो. इतर कोणत्याही जोडपानावर नकाशा घेतल्यास त्याचे दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि मधल्या घडीत चौकोन जुळत नाहीत. छापखान्याकडे फाइल देताना आकार कमीजास्त करू नये असे लेखी कळवावे, आणि प्रूफ आल्यावर चौकोनावर पट्टी ठेवून मोजावे. नव्वद टक्क्यांवर छापलेला नकाशा डोळ्यांना ठीक वाटतो, पण त्यावर मिनिएचर बसत नाहीत. सेंटर पिनिंग करायचे असल्यास पृष्ठसंख्या चारच्या पटीत हवी. 64 पानांच्या अंकात आतले कागद घडीमुळे बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा काठ थोडा जास्त जातो, त्यामुळे बाहेरच्या समासात मोकळी जागा ठेवावी.

लेखकांशी आणि चित्रकारांशी करार पहिल्या अंकापासून लेखी असावा व त्यात पीडीएफ आणि पुनर्मुद्रण यांचा स्पष्ट उल्लेख असावा. 1999 साली ‘ड्रॅगन’चे पहिले 250 अंक सीडीवर आले तेव्हा जुन्या साहित्याच्या हक्कांवरून वाद उभा राहिला. विक्री संपलेल्या अंकाची पीडीएफ हेच पुढे उत्पन्नाचे साधन असते. तिचे हक्क हातात नसतील तर मागचे अंक निरुपयोगी ठरतात.

आता पैशांकडे वळू. समजा, अमेरिकेत दहा डॉलर किमतीचा 64 पानी अंक हजार प्रतींत छापायचा आहे. तीस हजार शब्दांना शब्दामागे पाच सेंट दिले तर 1,500 डॉलर, चित्रांचे 1,000 आणि छपाईचे 2,500, असा एकूण खर्च 5,000 डॉलर होतो. म्हणजे एक प्रत पाच डॉलरला पडली. वितरक साधारणपणे छापील किमतीच्या चाळीस टक्क्यांत अंक घेतो, म्हणजे प्रतीमागे चार डॉलर हाती येतात. 800 प्रती वितरकाकडून आणि 200 थेट वाचकांना गेल्या, तर 5,200 डॉलर जमा होतात आणि संपादकाच्या मेहनतीला उरतात दोनशे डॉलर. निम्म्या प्रती थेट विकल्या गेल्या तर हीच शिल्लक 2,000 डॉलरवर जाते. म्हणून दुकानांत दिसण्याचा मोह आवरून थेट वर्गणीदार आणि खेळाडूंचे मेळावे यांवर भर द्यावा. वितरकाकडे उधारीवर माल ठेवण्यात आणखी एक धोका असतो. जानेवारी 2025 मध्ये डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्सने दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला, त्यानंतर कन्साइनमेंटवर, म्हणजे विकल्यावर पैसे या बोलीवर, ठेवलेल्या प्रकाशकांच्या मालावरच वाद सुरू झाला.

टपालखर्चाचा अंदाज पान ठरवण्याआधीच घ्यावा. अमेरिकेतील ‘मीडिया मेल’चा स्वस्त दर जाहिराती असलेल्या अंकाला लागू होत नाही, तर ब्रिटनमध्ये 750 ग्रॅमच्या आत आणि 25 मिलिमीटरहून कमी जाडीचे ए4 पाकीट ‘लार्ज लेटर’ म्हणून जाते. अंकासोबत फासे भेट देण्याची कल्पना आकर्षक असली तरी पाकिटाची जाडी तेवढ्यानेच दर बदलण्याइतकी वाढू शकते.

कालावधी ठरवताना महत्त्वाकांक्षा आवरावी. एकहाती काम करणाऱ्याने मासिकाच्या वाटेला जाऊच नये. ‘कोबोल्ड क्वार्टर्ली’ने 2007 ते 2012 या काळात त्रैमासिक म्हणून 23 अंक काढले, आणि तेही सोपे काम नव्हते. वर्षातून एकच जाडजूड अंक, आधी जाहिराती आणि नोंदणी, मग छपाई, ही आपल्या दिवाळी अंकांची रीत या खेळांना उत्तम मानवेल असे मला वाटते. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 2019 पासून चालणाऱ्या ‘झीन क्वेस्ट’ या उपक्रमातील छोट्या पुस्तिकाही पैसे आधी, छपाई नंतर याच क्रमाने निघतात. भारतातून नियमित अंक काढायचा असल्यास 1 मार्च 2024 पासून लागू झालेल्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायद्याखाली आपले प्रकाशन येते का, हे शीर्षक जाहीर करण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावे.

वर्गणीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि प्रत्येक अंक रवाना झाल्यावर त्या अंकापुरतीच रक्कम खर्चासाठी काढावी. पायझोची मासिके थांबली तेव्हा उरलेल्या वर्गणीच्या बदल्यात कंपनीच्या नव्या ‘पाथफाइंडर’ या ॲडव्हेंचर मालिकेचे खंड घेण्याचा पर्याय वाचकांना मिळाला, आणि त्यातील बरेच वाचक कंपनीसोबत राहिले. अंक बंद करावा लागलाच तर काय द्यायचे, पैसे परत की दुसरे पुस्तक, हे वर्गणीच्या अर्जावर पहिल्याच दिवशी छापून ठेवावे.