आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांना वृद्धसेवेची गोडी कशी लावावी

एमबीबीएस, नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याची वृद्ध रुग्णाशी पहिली गाठ बहुधा वॉर्डातच पडते. खुब्याचे हाड मोडलेले किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा पाहून ‘इथे आपल्या हातून फारसे काही होण्यासारखे नाही’ अशी त्याची समजूत होते आणि ती पुढे सहसा पुसली जात नाही. २०११च्या जनगणनेतच देशात साठीपुढील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. म्हणजे बालरोग आणि प्रसूती सोडल्यास कोणत्याही शाखेत गेले तरी या विद्यार्थ्यांच्या रुग्णांत वृद्धांचा वाटा मोठाच राहणार आहे. त्यामुळे शिक्षकांनी सर्वांत आधी क्रम बदलावा. विद्यार्थ्याला आजारी वृद्धाआधी हिंडता-फिरता वृद्ध भेटला पाहिजे, आणि त्या भेटीत विद्यार्थ्याकडे स्वतःचे असे एखादे काम असले पाहिजे.

अशा भेटींसाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर प्रत्येक तुकडीने गाव दत्तक घेण्याची प्रथा जुनी आहे. विद्यार्थ्याला वाटून द्यायच्या कुटुंबांपैकी किमान एकात सत्तरीपुढील व्यक्ती असेल, एवढे पाहावे. शहरात ठिकठिकाणच्या ज्येष्ठ नागरिक संघांचे आणि विरंगुळा केंद्रांचे पदाधिकारी मनापासून मदत करतात. मात्र त्यांच्याकडे केवळ शिबिरापुरते जाऊन रक्तदाब मोजून परतू नये. विद्यार्थी आणि वृद्ध यांची जोडी वर्षभर तीच ठेवावी, कारण जिव्हाळा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतरच जुळतो. शक्य असेल तिथे नर्सिंग व फिजिओथेरपीचे विद्यार्थी सोबत द्यावेत.

पहिल्या भेटीसाठी औषधांच्या तपासणीइतके चांगले काम दुसरे नाही. आजींना घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगाव्यात: फ्रिजवरच्या डब्यातल्या, उशाखालच्या, मुलीने दिलेल्या दुखण्यावरच्या आणि वैद्यांच्या पुड्यासुद्धा. वर्तमानपत्र पसरून विद्यार्थ्याने प्रत्येक पट्टी त्यावर मांडावी, औषधाचे मूळ नाव वाचावे आणि ‘ही कशासाठी घेता?’ असे आजींनाच विचारावे. पुष्कळदा असे निघते, की दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी ॲम्लोडिपिन हे रक्तदाबाचे एकच औषध लिहून दिलेले असते. त्यामुळे पायांवर सूज येते, सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होते, त्या गोळीपायी रात्री तीनदा उठावे लागते आणि अंधारात मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळतो. ही साखळी ज्याने स्वतः उलगडली, तो औषधशास्त्राचा हा धडा विसरत नाही. शिवाय आपल्या बारीक नजरेने एखादे पडणे टळू शकते हेही त्याला कळते. विद्यार्थ्याने स्वतः कोणतीही गोळी बंद करायला सांगू नये. त्याने नोंद शिक्षकांकडे द्यावी आणि शिक्षकांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे, ही शिस्त पहिल्याच दिवशी घालून द्यावी.

पुढच्या भेटीत चालण्याची चाचणी घ्यावी. खुर्चीतून उठून ३ मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे धरतात. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तर ते कळवावे. चाचणी घेताना विद्यार्थ्याने शेजारीच उभे राहावे.

बोलण्याची रीत मात्र सवडीने शिकवायला हवी. घरातला मुलगा आईच्या वतीने उत्तरे देऊ लागतो आणि विद्यार्थीही नकळत त्याच्याकडेच वळतो. प्रश्न आधी आईंना विचारावा, उत्तरासाठी थांबावे, मुलाचे म्हणणे नंतर ऐकावे. कमी ऐकू येत असेल तर ओरडू नये. समोर उजेडात बसून सावकाश, खालच्या पट्टीत बोलावे. ‘तुम्हाला काय हाक मारू?’ असे विचारल्यास कोणी ‘काकू’ म्हणेल, तर निवृत्त शिक्षिका ‘बाई’च म्हणवून घेतील, आणि त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा तो मान राखावा.

वॉर्डातली शिकवणी यानंतरची. रात्री अचानक असंबद्ध बोलू लागलेल्या आजोबांना ‘वयामुळे होतेच’ असे म्हणून सोडून देणारा वरिष्ठ दिसला, तर विद्यार्थीही तेच शिकतो. त्याऐवजी कारणे शोधायला लावावे: लघवी तुंबली आहे का, जंतुसंसर्ग आहे का, झोपेचे औषध नवे सुरू झाले आहे का, चष्मा आणि श्रवणयंत्र घरीच राहिले का? केस सादर करताना ‘आजारापूर्वी आंघोळ, कपडे, जेवण, शौचाला जाणे हे स्वतः करत होते का?’ याचे उत्तर सक्तीचे असावे. कारण सापडून तेच आजोबा पुन्हा नातवाला नावाने हाक मारू लागले, की इंटर्नला मिळणारे समाधान कोणत्याही व्याख्यानापेक्षा प्रभावी असते.

जाड हातमोजे, धूसर चष्मा आणि कानांत कापूस घालून वार्धक्याचा अनुभव देण्याची पद्धत उपयोगी आहे, पण माझ्या मते तिच्यावर भिस्त ठेवू नये. त्यातून कधी कधी केवळ कणव किंवा धास्तीच उरते.

परीक्षेत नसलेला विषय विद्यार्थी मनावर घेत नाहीत, म्हणून अंतर्गत मूल्यमापनात औषध-तपासणीला आणि चालण्याच्या चाचणीला गुण ठेवावेत. गोडी लागलेल्या विद्यार्थ्याला पुढची वाट स्वच्छ सांगावी. वृद्धवैद्यक या विषयात एमडी करता येते. मद्रास मेडिकल कॉलेजने तो अभ्यासक्रम १९९६ मध्ये सुरू केला. जागा अजून थोड्या आहेत, तेव्हा औषधवैद्यक (जनरल मेडिसिन), कुटुंबवैद्यक, मनोविकार किंवा उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर) यांतूनही हे काम करता येते, आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांची गरज तर आजच भासते आहे. अशा एखाद्या व्यावसायिकासोबत सुट्टीतले दोन आठवडे काढण्याची सोय महाविद्यालयानेच करून द्यावी.