घरामागचाच डोंगर आहे ना, मग कशाला घाबरायचं? बॅककंट्री स्कीइंगमधल्या या चुका टाळा

बॅककंट्री म्हणजे रिसॉर्टच्या आखलेल्या उतारांबाहेरचा डोंगर, जिथे स्वतःच्या पायांनी चढायचं आणि मग स्कीवरून उतरायचं. दर हिवाळ्यात पहिला दमदार बर्फ पडला की पार्किंगमध्ये तेच दृश्य. नव्याकोऱ्या स्की, इस्त्रीची घडी न मोडलेली जॅकेटं, आणि बीकन, म्हणजे बर्फात गाडलेल्या माणसाला शोधायचं सिग्नलचं यंत्र, अजून खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, अहो लांब कुठे जातोय, इथलाच तर डोंगर आहे. या एका वाक्याचा मला इतका कंटाळा आलाय की शेवटी लिहायला बसलो.

तर सगळ्यात मोठी चूक हीच. डोंगर ओळखीचा असतो, बर्फ ओळखीचा नसतो. चाळीस वेळा उतरलेल्या उतारावर एक्केचाळिसाव्या वेळी खाली काय थर साचलेत हे डोंगर सांगत नाही आणि आधीच्या चाळीस वेळा आपण शहाणे होतो की नुसते नशीबवान, हेही सांगत नाही.

आमचंच सांगतो. आम्ही चौघं, आमचा नेहमीचा उतार, एका सोंडेवरून खाली घळीत उतरणारा. दोन दिवस बर्फ पडला नव्हता म्हणून आम्ही खुशीत, नवीन बर्फ नाही म्हणजे धोका नाही असा हिशोब. पण ते दोन्ही दिवस वारा सुटला होता आणि तोही नेहमीच्या उलट्या बाजूने, म्हणजे धारेपलीकडचा सगळा भुरभुरीत बर्फ उचलून त्याने आमच्या बाजूला आणून थापला होता, वरून दिसायला मस्त गुळगुळीत गादी. त्यात कुणाच्यातरी स्कीचे ताजे माग दिसले, मग तर काय, ते गेले तर आपणही जाऊ. पहिला मित्र उतरायला लागला, मी त्याच्या मागे अंतर ठेवून थांबलो होतो तेवढ्यात पायाखाली ढप्प असा आवाज आला, कुणीतरी जड गोणी टाकावी तसा, आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक भेग सरळ रेषेत पळत गेली. अख्खी लादी सुटली. मित्र पन्नासेक मीटर वाहत गेला आणि घळीच्या तोंडाशी कमरेपर्यंत गाडला जाऊन थांबला. एक स्की गेली, ती वसंतात सापडली. घळीत गेला असता तर वरून येणारा सगळा बर्फ तिथेच साचला असता आणि हा लेख मी लिहीत नसतो.

संध्याकाळी घरी येऊन त्या दिवसाचं अ‍ॅव्हलांच बुलेटिन, म्हणजे हिमस्खलनाच्या धोक्याचा रोजचा अंदाज, उघडलं, त्यात वारा, दिशा, उंची सगळं लिहिलेलं. चौघांपैकी एकानेही सकाळी वाचलं नव्हतं. लांबच्या डोंगरात जाताना आम्ही तेच बुलेटिन दोनदा वाचतो बरं का.

आणि हो, बुलेटिनमधला धोक्याचा आकडा पाचपैकी तीन असला की लोक म्हणतात मधला आहे, चालतंय की. तीन म्हणजे परीक्षेतले साठ टक्के नव्हेत. बरेचसे जीव तीनच्याच दिवशी जातात, कारण चार-पाचला शहाणी माणसं घरी बसतात.

माझी सवय सांगतो. स्लॅब, म्हणजे अशा बर्फाच्या लाद्या, सुटतात ते बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. नजरेने अंश मोजणारे खूप भेटतात आणि सगळे चुकतात, मीही चुकतो. मी हातातला पोल उताराच्या दिशेने बर्फावर टेकवून ठेवतो, त्यावर फोन ठेवून कोन बघतो. नकाशावरचे उताराच्या तीव्रतेचे रंग बघून निर्धास्त होऊ नका, दहा-पंधरा मीटरचा छोटा तीव्र टप्पा त्यात दिसतच नाही. शंका असली की ३० च्या आतला उतार धरायचा, पण तोही डोक्यावर काय लटकतंय ते बघून. उतारावर एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. फोटो नंतर.

बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं तिघांपैकी एक जरी नसेल तर बाकीचे दोन नुसतं ओझं. गाडला गेलेला माणूस जिवंत निघण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, तेवढ्या वेळात खालून कुणी येत नाही, जे काय करायचं ते सोबत्यांनीच. आणि बीकनच्याच खिशात फोन ठेवणाऱ्यांना मला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. बीकन सिग्नल पाठवत असताना फोन किमान २० सेंमी लांब, शोधताना ५० सेंमी. तापणारे हातमोजे, कॅमेरा, सगळ्याला हेच लागू. निघताना प्रत्येकाचा बीकन तपासायचा, रोज, हसले तरी.

आता माझा दुसरा लाडका विषय, स्किन्स, म्हणजे चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या. नवख्यांचा निम्मा दिवस यातच जातो. एकदा एकजण आमच्यासोबत आला, प्रत्येक उताराआधी स्किन्स काढून बर्फासकट गोळा करून बॅगेत कोंबायचा. मी म्हटलं जॅकेटच्या आत ठेव, तर म्हणे ओलं लागतं. तिसऱ्या चढाईला गोंदावर बर्फाचा थर, स्किन चिकटेना, शेपटीकडून सुटली, मग मधून सुटली, आणि शेवटी तो मांडीभर बर्फात स्की खांद्यावर घेऊन दोन तास चालला, आम्ही त्याच्यासाठी थांबून गारठलो ते वेगळंच. साधं आहे हो. स्कीचा तळ बाहीने कोरडा पुसा, गोंदाला गोंद लावून घडी घाला, घडी पोटाशी ठेवा, लावायच्या आधी बर्फ खरवडा. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या थंड बर्फात गेलात की स्किनखाली गोळे धरतात, त्यासाठी मेणाचा तुकडा खिशात हवा. आणि दोन रबरी पट्टे कायम बॅगेत, त्यांनी मी स्किन बांधलीय, तुटलेला पोल बांधलाय आणि एकदा बुटाचं बकलसुद्धा.

बाकीच्या पटापट.

उतरताना पिन बाइंडिंगचा (बूट स्कीला पिनांनी अडकवणाऱ्या पकडीचा) पुढचा लिव्हर चालण्याच्या लॉकमध्येच राहिला तर पडल्यावर स्की सुटत नाही, गुडघा सुटतो.

बूट अडकवण्याआधी बाइंडिंगच्या पुढच्या भागाखालचा बर्फ पोलच्या टोकाने काढा.

पार्किंगमध्ये ऊब वाटत असेल तर अंगावर कपडे जास्त आहेत, दहा मिनिटांत घामाने भिजाल.

चढताना सरळ उभा माग काढून ताकद दाखवू नका, मागचे शिव्या देतात.

वसंतात उशिरा उठणाऱ्यांनी घरीच झोपावं, दुपारी ओला बर्फ सुटायला लागतो.

दोन रील बघून किक टर्न, म्हणजे चढावर उभ्या उभ्या एकेक स्की फिरवून वळणं, येत नाही, अंगणात करून बघा.

आणि गाडीची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते वर चढायच्या आधी विचारून घ्या, कारण आमचा किल्लीवाला एकदा दुसऱ्या बाजूने उतरला होता.