नव्या देशात पहिलं वर्ष: माणसं जोडताना, स्वतःला सांभाळताना

कागदपत्रं, राहायची जागा, बँकेचं खातं ही कामं नवीन आलेली तरुण मुलंमुली नेटाने उरकतात. माणसं मात्र 'होतील ओळखी हळूहळू' म्हणून सोडून देतात. आमचं आग्रहाचं सांगणं आहे की हे कामही पहिल्या महिन्यातच हाती घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.

किती वेळ? जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने नुकत्याच नव्या गावी राहायला गेलेल्यांचा आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचा अभ्यास करून २०१८ मध्ये एक अंदाज मांडला. तोंडओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावं इतकं जवळ यायला ९०च्या आसपास आणि जिवलग व्हायला २००हून जास्त. आता हिशेब करा. महिन्यातून एकदा दोन तासांच्या मेळाव्याला गेलात, तर ५० तासांना दोन वर्षं लागतील. तीच माणसं दर आठवड्याला दोन तास भेटली, तर सहा महिने पुरतात. म्हणून मोठ्या समारंभांपेक्षा आठवड्याचा ठरलेला वार असलेला, दहा-पंधरा जणांचा एखादा गट धरा: खेळाचा सराव, गाण्याचा वर्ग, स्वयंसेवकांचं काम, काहीही. घरापासून अर्ध्या तासाच्या आत असेल असंच निवडा. लांबचा गट पहिल्या थंडीपावसात सुटतो. आठ वेळा गेल्याशिवाय 'इथे आपलं जमत नाही' असा निकाल देऊ नका. आणि कार्यक्रम संपला की लगेच निघू नका. खुर्च्या उचलताना, दाराशी रेंगाळताना जे बोलणं होतं, त्यातूनच पुढच्या भेटी ठरतात.

आधार हा एकाच प्रकारचा नसतो, हेही लवकर ध्यानात घ्या. मन मोकळं करायला कुणीतरी लागतं. सामान हलवायला, आजारपणात औषध आणून द्यायला कुणीतरी लागतं. कुठला अर्ज कुठे भरायचा हे सांगणारा लागतो, आणि 'तू हे बरोबर करतोयस' किंवा 'इथे चुकतेयस' असं खरं सांगणाराही लागतो. एका कागदावर या चार गरजा लिहा आणि प्रत्येकीपुढे याच शहरातली नावं लिहा. रिकामी जागा दिसली की पुढच्या दोन महिन्यांचं काम कळलं. चारही ठिकाणी एकच नाव आलं, मग ते जोडीदाराचं असो वा रूममेटचं, तर तो जास्त मोठा धोका आहे. ते माणूस थकतं, नातं ताणलं जातं आणि ते माणूस गाव सोडून गेलं की एका दिवसात सगळंच जातं. घरच्यांचा फोन मनाला आधार देतो, पण तापात दार उघडायला घरचे येऊ शकत नाहीत.

सगळ्यात जास्त अडतं ते मदत मागण्यापाशी. शेली टेलर, हीजुंग किम आणि डेव्हिड शेर्मन या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासांत दिसलं की आशियाई आणि आशियाई वंशाची माणसं अडचण उघड बोलून मदत मागायला जास्त कचरतात. समोरच्याला त्रास होईल, नात्यात अवघडलेपण येईल, ही त्यामागची काळजी असते. आपली माणसं नुसती जवळ आहेत, एवढ्याने त्यांना बरं वाटतं. ही उणीव नव्हे, ही एक रीत आहे; आणि चेहरा पाहून ओळखणारी माणसं आजूबाजूला असतात तिथे ती उत्तम चालते. नव्या जागी तुमचा चेहरा वाचायला अजून कुणी शिकलेलं नाही. तुम्ही गप्प बसता, समोरच्याला वाटतं तुमचं ठीक चाललंय, आणि तुम्हाला वाटतं इथली माणसं कोरडी आहेत. दोघांचाही गैरसमज.

तेव्हा शब्दांत मागा आणि नेमकं मागा. 'कधी वेळ असेल तर बघ' याला कुणीच धड उत्तर देऊ शकत नाही. काय हवंय, कधी, किती वेळ लागेल आणि नाही म्हटलं तरी चालेल, या चार गोष्टी वाक्यात आल्या पाहिजेत. 'शनिवारी सकाळी कपाट वर चढवायचंय, अर्धा तास लागेल, येशील का? जमत नसेल तर मी दुसऱ्याला विचारेन.' सुरुवात अशा छोट्या कामाने करा. फ्लिन आणि लेक या संशोधकांच्या २००८च्या प्रयोगांत मदत मागणाऱ्यांनी धरलेल्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त लोकांनी होकार दिला होता. मनातलं दुःख सांगायचं असेल तर आधी स्पष्ट करा: 'सल्ला नको, फक्त ऐक.' नाहीतर समोरचा उपाय सुचवत बसतो आणि तुम्ही आणखी एकटे पडता.

आपल्या भाषेची माणसं की स्थानिक, हा वाद घालूच नका, दोन्ही लागतात. फक्त आपल्यातच राहिलात, तर माहिती जुनी मिळते आणि कुजबुजीचा जाच होतो. फक्त स्थानिकांत राहिलात, तर प्रत्येक गोष्ट मुळापासून समजावून सांगावी लागते. इतर देशांतून आलेले नवखेही जवळ करा. तुमची स्थिती त्यांना चटकन समजते, पण त्यांतले बरेच जण निघून जातात, हे धरून चाला.

'मी कोण' या स्वतःच्या ओळखीचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी परक्या समाजात राहण्याच्या चार वाटा सांगितल्या: आपलं राखून नवं घेणं, आपलं सोडून नव्यात मिसळणं, आपल्यातच राहणं आणि दोन्हींपासून तुटणं. पहिली सहसा सर्वांत मानवते, चौथी सर्वांत त्रासदायक ठरते. पण पहिली वाट एकट्याच्या हातात नसते. समाजाने दार लावून घेतलं असेल तर तो दोष स्वतःवर घेऊ नका.

काही गोष्टी मात्र हातात आहेत. नावाचा उच्चार पहिल्याच भेटीत नीट शिकवा; तुम्हाला आवडत नसेल तर कुणी दिलेलं छोटं नाव स्वीकारू नका, कारण सहा महिन्यांनी ते बदलणं अवघड जातं. आधीच्या गावी तुम्ही कुणीतरी होता: गोलकीपर, तबला वाजवणारी, सगळ्यांचे फोन दुरुस्त करणारा. इथे फक्त 'नवीन आलेला' उरता, आणि मन खचतं ते त्यामुळेही. तीच एक गोष्ट पहिल्या तीन महिन्यांत इथे सुरू करा. मदत नुसती घेऊ नका, द्याही. सतत घेणारा माणूस स्वतःच्याच नजरेत लहान होतो.

उदासी कुणाला आल्या आल्या गाठते, कुणाला सहा महिन्यांनी. झोप, भूक, कामातलं लक्ष सलग दोन आठवडे बिघडलेलं असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. कॉलेजात किंवा नोकरीत ही सोय आहे का, भाषा कुठली, थांबावं किती लागतं, हे पहिल्याच आठवड्यात, बरं असतानाच विचारून ठेवा. त्या देशाचा आपत्कालीन नंबर फोनमध्ये साठवा. जीव नकोसा वाटायला लागला तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच क्षणी तो नंबर लावा आणि जवळच्या कुणाला तरी सोबत बोलवा.