पीएचडी संपतेय, हातात प्रोटोटाइप आहे, पण पैसे? असं करा

कॅम्पसची नोकरी घ्यायची की स्वतःच्या आयडियावर वर्षभर काम करायचं, या पेचात असाल तर निधी-ईआयआर बघाच. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची फेलोशिप आहे, महिन्याला कमाल ३०,००० रुपये, साधारण वर्षभर. फार नाहीत, पण रूमचं भाडं आणि मेसचं बिल निघतं, आणि घरी सांगायला काहीतरी ठोस असतं, ते लय महत्त्वाचं.

अर्ज दिल्लीला नाही, इन्क्युबेटरकडे, म्हणजे नव्या स्टार्टअपना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्राकडे करायचा. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर, मुंबईत आयआयटीचं साइन ही अशी केंद्रं, त्यांच्या साइटवर अर्ज मागवणारा कॉल कधी निघतो ते बघत राहा. वस्तू बनवायला पैसे हवे असतील तर निधीचीच 'प्रयास' ही योजना वेगळी, त्यात १० लाखांपर्यंत मिळतात.

आता सगळ्यात कळकळीचं. पेपर किंवा पोस्टर टाकायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज भरा! शोध आधीच जाहीर झाला की पेटंट मिळणं अवघड होतं. माझ्या एका ज्युनिअरने कॉन्फरन्समध्ये पोस्टरवर सर्किट डायग्राम सकट सगळं लावलं, लोकांनी मोबाइलवर फोटो काढले, आणि मग तो पेटंटचं विचारायला आला, फार वाईट वाटलं. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. आणि शोध विद्यापीठाच्या लॅबमध्ये झाला असेल तर हक्क कोणाचा हे विद्यापीठाच्या आयपी सेलकडून (पेटंट वगैरे हक्कांचं बघणारा विभाग) लेखी घ्या, गाइडच्या तोंडी "हो रे" वर राहू नका.

फेलोशिपच्या मुलाखतीत थिअरी कमी, वापरणारा माणूस जास्त सांगा. समजा आयडिया दुधाच्या तपासणीची असेल, तर दूध संकलन केंद्रावर स्वतः उभं राहून चार सकाळी काय बघितलं, ते सांगा.